काळजाला झटका मशीन

ईश्वर प्रत्येकाच्या हृदयात वास करतो, अशी माझी बालपणापासूनची श्रद्धा आहे. आणि त्या ईश्वराच्या घरातील विजेची दुरुस्ती करणे, हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय होता. अमरावतीत हृदयरोगतज्ज्ञ म्हणून आणि दर गुरुवारी अकोल्यात सल्लागार म्हणून काम करताना या दोहोंत मला कधी विरोध जाणवला नाही. पहाटे संध्या आटोपावी, घरमालकाला नमस्कार करावा आणि मग निःशंकपणे त्याचे वायरिंग तपासावे, असा क्रम होता. संपादकांनी "आपली कारकीर्द लिहा" असे सुचविले. परंतु कारकीर्द राजांना शोभते. मी केवळ एका शब्दाविषयी लिहिणार आहे. तो शब्द म्हणजे "झटका".

माझे वडील अकोल्याचे याज्ञिक. विज्ञान शिकण्यापूर्वी मी पाठशाळेत छंदःशास्त्र शिकलो. त्यामुळे हृदयालेखाच्या पट्टीकडे पाहताना इतरांना नागमोडी रेषा दिसत, मला लघु-गुरू दिसत. निरोगी हृदय म्हणजे अस्खलित अनुष्टुभ. एखादी पट्टी हाती आली की मी आनंदाने म्हणे, "पाहा, येथे यतिभंग झाला आहे!" यावर आमच्या विभागाच्या परिचारिका मंगलाताई शांतपणे सांगत, "सर, यतिभंग मंग पाहू. पेशंट पांढरा पडून राहिला."

मंगलाताई वलगावच्या. स्कूटरवरून येत, "जय भीम, सर" म्हणत आत शिरत आणि दिवसभर माझ्या मराठीचे मराठीत भाषांतर करीत. मी रुग्णाला म्हणे, "आपणांस श्रमोत्तर श्वासकष्ट होतो काय?" रुग्ण मंगलाताईंकडे पाही. त्या म्हणत, "जिना चढल्यावर धाप लागते का, काका?" काका म्हणत, "लागते ना बाप्पा!" मग त्या माझ्याकडे वळून, "होतो म्हणतात," असे गंभीरपणे कळवीत.

छातीतील धडधड ही वऱ्हाडात वर्णनाची मोठी मेजवानी असते. कोणाच्या छातीत बोअरची मोटर सुटते, कोणाच्या छातीत कबुतर फडफडते. अकोल्याच्या एका सरकीच्या व्यापाऱ्याने मला सांगितले होते, "डॉक्टरसाब, अंदर तहसील का टाइपरायटर चालू हो जाता है." अशा वेळी एक साधी युक्ती करावी लागते. रुग्णाला म्हणावे, "जशी धडधड होते तसा ताल टेबलावर वाजवून दाखवा." तालावरून निदानाची निम्मी वाट सरते. हीच युक्ती मी अकोल्यात एका ढोलकीवाल्या बुवांवर केली. बुवांनी आधी टेबल दोन्ही बाजूंनी ठोकून सूर पाहिला, बाह्या सारल्या आणि अशी धडधड वाजवली की बाहेर ताटकळणारे रुग्ण दारात गोळा झाले. त्यांतील एक आजीबाई तर "अजून एकडाव होऊ द्या, बुवा" म्हणाल्या. बुवांची धडधड निरुपद्रवी होती. टेबलाचा एक पाय मात्र तेव्हापासून अधू आहे.

सर्वच धडधड घातक नसते, हे वाचकांनी आधी ध्यानी घ्यावे. घातक असते ती बहुधा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाची. त्याचे कारण सोपे आहे. हृदयाला रक्त पुरविणारी धमनी तुंबली की तेथील स्नायूचा एक तुकडा मरतो आणि त्या जागी वण उरतो. हृदयातील वीज ही वरातीसारखी असते. वरच्या कप्प्यांतून निघावी, ठरल्या रस्त्याने खाली यावी आणि मांडवात शिरावी. परंतु वाटेत वण लागला की ही वरात चौक धरते. त्या वणाभोवतीच गरगर फिरत राहते, डीजे वाढत जातो, मांडवाची कोणाला शुद्ध राहत नाही. इकडे खालचे कप्पे इतक्या वेगाने थरथरतात की रक्त पुढे ढकललेच जात नाही. माणूस भोवळ येऊन पडतो आणि वरात कोणी मोडली नाही, तर उठत नाही. ती मोडण्याचा खात्रीचा उपाय एकच आहे, विजेचा झटका. म्हणजे पाहा, हृदयविकार हाही झटका आणि त्याच्या परिणामावरचा उपचार हाही झटकाच. पाठशाळेत असा श्लेष कोणी रचला असता तर गुरुजींनी पाठ थोपटली असती. रुग्णालयात मात्र श्लेष जिवावर बेततो.

वरूडकडचे देविदासभाऊ असेच भोवळ येऊन संत्र्याच्या बागेत पडले होते. आदल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. धमनीत स्टेंट बसविला होता, परंतु वण राहिला होता. आमच्या अतिदक्षता विभागात त्यांची ती बेभान वरात आम्ही झटका देऊन मोडली. मात्र ती पुन्हा कधीही निघू शकली असती, आणि बागेत झटका देणारे कोण होते? म्हणून गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेच्या आत एक छोटे यंत्र बसवावे, त्याची तार हृदयात सोडावी आणि घातक धडधड सुरू होताच त्या यंत्रानेच झटका द्यावा, असे ठरले. याला आयसीडी म्हणतात. मला हे नाव रुचत नसे. मी त्याला "द्रुतस्पंदनिवारक" म्हणत असे.

देविदासभाऊ पलंगावर बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी कमलवहिनी पदराने वारा घेत होत्या. मी म्हणालो, "देविदासभाऊ, आपल्या हृदयाच्या अधःकक्षांत अतिद्रुत स्पंदनांचा उद्भव होतो. त्यांच्या शमनार्थ आपण वक्षःस्थळी द्रुतस्पंदनिवारकाची स्थापना करू."

देविदासभाऊंनी वहिनींकडे पाहिले. "स्थापना करू म्हंते. मंग विसर्जन कवा?"

"काई तरी दाताचं मंजन हाये वाटते," वहिनी कुजबुजल्या.

मंगलाताई पुढे झाल्या. "भाऊ, वावरात रोह्यांसाठी झटका मशीन लावलं हाय का तुमी?"

ज्या वाचकांनी आमचा मुलूख पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. रोही म्हणजे नीलगाय, आणि नीलगायी व रानडुकरे यांनी पीक फस्त करू नये म्हणून येथे शेताभोवती तार ओढून तिला बॅटरीवरचे यंत्र जोडतात. जनावराने तारेला नाक लावले की त्याला जोराचा पण निरुपद्रवी धक्का बसतो आणि ते पळते. याला सारे वऱ्हाड "झटका मशीन" म्हणते.

"हाय ना. चांगलं सोलरवालं हाय," भाऊ अभिमानाने म्हणाले.

"मंग तसंच मशीन आता काळजाले लावाचं हाय. रोही शिरला का झटका, का रोही पसार."

देविदासभाऊंचा चेहरा उजळला. जे मला संस्कृतच्या साहाय्याने साधले नव्हते, ते एका रोह्याने साधले. परंतु आता त्यांना सर्वच समजू लागले, ही नवी अडचण झाली.

"असं सांगा ना मंग! पण डॉक्टरसायेब, सोलरचं पॅनल कुठं लावसान? टोपीवर?"

"पॅनलची आवश्यकता नाही. बॅटरी आतच असते आणि पुष्कळ वर्षे पुरते."

"अन् पावसात अर्थिंग?"

"अर्थिंगची चिंता आपण करू नये."

वहिनींना निराळी शंका होती. "सायेब, मी यांच्याजोळ जाऊ का नको? का गळ्यात पाटी अडकवू, सावधान म्हून?"

"तुले कायची पाटी पाह्यजे?" भाऊ म्हणाले. "तू तं बिना पाटीचीच जवळ येत नाईस."

मंगलाताई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. मी मनात नामजप करून गांभीर्य राखले आणि सूचना दिल्या. शेतातल्या तारेला स्पर्श करू नये, तिच्यापासून हातभर दूरच राहावे. गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत. यंत्राचा एखादा झटका बसला आणि नंतर बरे वाटले, तर आम्हांला फोन करावा. एकापाठोपाठ बसू लागले, तर त्याच पावली निघावे. भाऊंनी प्रत्येक सूचनेला मान हलविली. मान हलविणे आणि मान्य करणे यांत केवढे अंतर असते, हे वैद्यकात शिकवीत नाहीत.

यंत्र बसले, भाऊ घरी गेले. पुढे आंबिया बहाराची संत्री ऐन तोडीला आली असता, गुरुवारी दुपारी, मी अकोल्यात रुग्ण तपासत असताना कमलवहिनींचा फोन आला. आवाजात काळजी नव्हती, तक्रार होती.

"डॉक्टरसायेब, एक इचारू का? वावरातल्या तारेचा करंट बसला तं काळजातलं मशीन बिघडते का हो?"

"भाऊंनी तारेला हात लावला?"

"हात नाई लावला. पण आज सकाळधरून वावरातलं मशीन यांना झटके मारून राहिलं. पयला बसला कुंपणाजोळ. दुसरा मोटरीपाशी. अन् आता तं झाडाखाली बसले होते, तिथंच मारला. हे म्हंते, जमीन वली हाय, करंट मातीतून फिरून राहिला. माह्या भावानं तार बांधली होती ना, परभाकरनं. त्याले शिव्या देऊन राहिले सकाळपासून."

पार्श्वभूमीला देविदासभाऊंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "त्या पर्भ्याले म्हनाव, तार बांधता येत नाई तं बायकोच्या साड्या वाळू घाल!"

मी हातातील स्टेथोस्कोप खाली ठेवला. तारेपासून दूर, झाडाच्या सावलीत बसलेल्या माणसाला कुंपण झटका देत नाही. मी विचारले, "वहिनी, शेतातील ते यंत्र या क्षणी चालू आहे काय? कृपया पाहून सांगा."

वहिनी चालत गेल्या. फोनमध्ये पाल्याचा चुरचुर आवाज आला, मग एका पत्र्याच्या डब्याचे झाकण उघडल्याचा.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "डबा तं रिकामा हाये, सायेब! ये रे परभाकर, मशीन कुठं हाय?"

दूरवरून एक ओशाळलेला आवाज आला. "परवाच वरूडले दुरुस्तीले टाकलं, बाई. बंद पडलं होतं. दाजी कावतीन म्हून बोललो नाई. डबा तेवढा ठेवला."

म्हणजे देविदासभाऊ सकाळपासून ज्या यंत्राला शिव्या देत होते, ते वरूडच्या दुकानात उघडे पडले होते. आणि जे यंत्र त्यांना पुनःपुन्हा मृत्यूच्या दारातून ओढून आणत होते, त्याचे श्रेय मेव्हण्याच्या खाती जमा होत होते. एवढ्यात फोनमध्ये "आयऽऽ!" असा आवाज उमटला आणि पाठोपाठ भाऊ गरजले, "आता कोनं चालू केलं बे?"

मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, हे विद्युत्-वादळ आहे. त्यांना तत्काळ आणावे."

"वादळ? इकडं तं मस्त उन्ह पडलं हाय."

"हृदयातील वादळ, वहिनी! त्यांना फोन द्या."

भाऊंनी फोन घेतला. श्वास लागलेला होता, पण बाणा शाबूत होता. "रामराम सायेब. काई नाई, जरासा करंट हाय जमिनीत. व्यापाऱ्याची गाडी लागली हाय, संत्रा भरून राहिलो. सोमवारी येतो न तुमच्याकडं."

मी त्यांना समजावू लागलो. घातक द्रुतस्पंदने, निवारकाची मर्यादित क्षमता, अनवस्था प्रसंग. माझे प्रत्येक वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. भाऊ अत्यंत आदराने "हो हो" म्हणत होते आणि मध्येच गडीमाणसांना "अबे, बारका माल खाली टाक!" असे सांगत होते. सोमवार या माणसाला दिसणार नाही, हे मला कळत होते. त्याला कळेल असे एकही वाक्य माझ्यापाशी नव्हते. मंगलाताई अमरावतीत होत्या. भाषांतर करणारे कोणी नव्हते.

वऱ्हाडी माझ्या कानांत जन्मापासून होती. जिभेवर तिला पाठशाळेने येऊ दिले नव्हते. त्या दुपारी ती विचारल्याशिवाय आली.

"देविदासभाऊ, आयका!" मी ओरडलो. समोरचा रुग्ण खुर्चीतच उडाला. "जमिनीत करंट नाई! तो डबा रिकामा हाय! हे झटके काळजातलं मशीन मारून राहिलं! रोही घुसले ना वावरात! एक नाई, कळपच्या कळप घुसला हाय! मशीन हाकलून हाकलून थकलं, बॅटरी संपून राहिली! बॅटरी गेली का वावर साफ! गाडी भरता काय? उठा बे आता!"

"बे" हा शब्द मी त्यापूर्वी कोणालाही उद्देशून उच्चारला नव्हता.

मग फोनमधून हळूच आवाज आला. "कमले, चप्पल दे माह्यी."

जवळ वाहन म्हणजे तोच अर्धा भरलेला संत्र्याचा ट्रक होता. मी वरूडच्या रुग्णालयाला फोन करून इंजेक्शनाची व रुग्णवाहिकेची व्यवस्था केली आणि स्वतः अकोल्याहून अमरावतीस निघालो. वाटेत मूर्तिजापूर केव्हा गेले मला ठाऊक नाही. मी संपूर्ण प्रवासात जप करीत होतो, आणि ईश्वराची क्षमा असावी, पण जपात मध्येच "बॅटरी टिकू दे" असा अपपाठ शिरत होता.

बॅटरी टिकली. देविदासभाऊ आले तेव्हा त्यांचा रंग पिठासारखा होता आणि अंगाला संत्र्यांचा वास येत होता. इंजेक्शनाने वरात जरा मंदावली होती. तपासणीत आणखी एक धमनी अरुंद झालेली आढळली, ती त्याच दिवशी उघडली आणि हृदय पुन्हा अनुष्टुभावर आले. बाहेर कमलवहिनी मंगलाताईंना प्रवासवर्णन सांगत होत्या. "हे उडले का डायवर ब्रेक मारे. त्याले वाटे, कुत्रं आलं गाडीखाली. मी यांचा हात घट धरून बसली होती, तं मले बी झिनझिन्या आल्या. लग्नाले इतके वर्स झाले बाई, हात धरल्यावर झिनझिन्या पयल्यांदाच आल्या!"

दुसऱ्या दिवशी भाऊंना बसते केल्यावर मी गोळ्यांविषयी विचारले. भाऊ निरागसपणे म्हणाले, "त्या तं बंदच केल्या, सायेब."

"का?"

"आता पाहा. झटका मशीन नव्हतं तवा आमी रोज रातच्याले जागलीले जात होतो. मशीन लावल्यावर जागलीले कोन जाते?"

जागली म्हणजे पिकाची राखण, आणि ती करणारा तो जागल्या. मंगलाताईंनी एका उपमेने त्यांना यंत्र समजाविले होते, आणि भाऊंनी त्या उपमेचा शेवटपर्यंत प्रामाणिकपणे विस्तार केला होता. त्यांचा तर्क कोणत्याही न्यायशास्त्र्याने मान्य केला असता. त्यात केवळ त्यांचे प्राण जात होते, एवढाच दोष होता.

मी मंगलाताईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "तुमीच सांगा आता, सर. तुमाले येते म्हंते."

मी घसा साफ केला. "भाऊ, मशीन रोही घुसल्यावर मारते. घुसूच नाई म्हून जागली पाह्यजे. या गोळ्या म्हंजे जागले हाय. एक सकाळचा, एक संध्याकाळचा. मशीन लागलं म्हून जागली सोडाची नाई."

भाऊंनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली. "सायेब," ते म्हणाले, "इतकं साजरं बोलता येते तं येवढे दिवस काहून त्रास देल्ला आमाले?"

त्यानंतर त्यांनी गोळी चुकविली नाही. कमलवहिनी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून, "जागली झाली का?" असे विचारतात आणि भाऊ गोळी गिळतात. मेव्हणे प्रभाकरराव यांना मानाने जेवायला बोलावण्यात आले. त्यांच्याविषयी भाऊ आता म्हणतात, "पर्भ्यानं मशीन दुरुस्तीले टाकलं म्हून मी वाचलो, नाई तं डब्यात मशीन पाहून कमलीनं तेच बंद केलं असतं, अन् मी तिथंच बसलो असतो." हेही तर्कशुद्धच आहे. निष्काळजीपणाचे इतके उदार भाष्य मी अन्यत्र वाचलेले नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी छोटा समारंभ होता. माझ्या जागी आलेले तरुण डॉक्टर अतिशय हुशार आहेत. ते माझ्यासारखे संस्कृत बोलत नाहीत, इंग्रजी बोलतात. म्हणजे मंगलाताईंचे काम तेवढेच राहिले. समारंभासाठी देविदासभाऊ संत्र्यांची पेटी घेऊन आले होते. मी हार सांभाळत मार्गिकेतून जात असता थांबलो, कारण बाकावरून त्यांचा आवाज येत होता. शेजारी अंजनगावकडचे एक घाबरलेले गृहस्थ बसले होते. त्यांना त्याच दिवशी आयसीडी बसवायचे सांगितले होते.

"काई भेव नाई," भाऊ त्यांना सांगत होते. "काळजाले झटका मशीन हाय ते. मले बी हाय. हात लावून पाहा. लावा, काई होत नाई! पण एक ध्यानात ठेवा. मशीन लागलं म्हून जागली सोडाची नाई. गोळी म्हंजे जागल्या."

गृहस्थांनी भीत भीत बोट लावले आणि काही झाले नाही म्हणून जरा सैलावले. "तुमाले हे सारं कोनं सांगतलं?"

"ते काय, म्हातारे डॉक्टर नाई का आमचे. अकोल्याचे." भाऊंनी आवाज खाली आणला, पण मला ऐकू आलेच. "एरवी लय पोथीवानी बोलते. काई समजत नाई. पण रोही घुसला ना, का आपल्यासारखं बोलते."